बॉयलरवाल्यांची तपासणी

तिसरी पट्टीही सुटली, तेव्हा नवऱ्यानं ती होडीच्या तळावरून सोलून घरी आणली आणि सरळ तिच्या कापड बेतायच्या टेबलावर आपटली. टेबलावर एका गिऱ्हाइकाचा अर्धवट शिवलेला कोट पसरला होता. पट्टी पडली ती नेमकी त्याच्या छातीवर.

"बघ! बघ हे! केळ्याची साल निघावी तशी निघाली हातात!"

"अहो, मग माझ्या टेबलावर का? मी चिकटवली होती का?"

"दाखवायला नको?"

"दाखवा ना, लांबून दाखवा. कोटाला काच लागली तर तो माणूस अंग खाजवत फिरेल आणि माझ्या नावानं खडे फोडेल."

हे ती विनोदानं म्हणत नव्हती. होडी उभी होती बर्फाच्या कारखान्यामागच्या आवारात, पिंपांवर टेकवलेली. पण तिची काच मात्र घरभर झाली होती. फायबरची होडी म्हणजे शेवटी काचेच्या धाग्यांचं कापड आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन. नवरा दिवसभर ते घासायचा, त्याची पूड अंगावर घेऊन घरी यायचा, आणि एकदा शहाण्यानं ते कपडे कुणाला न सांगता घरच्या धुण्यात टाकून दिले. त्यानंतर आठवडाभर घरातलं प्रत्येक माणूस भिंतीला पाठ घासत होतं. तिची चांगली कात्री, जिला ती कागदसुद्धा लावू देत नसे, ती त्यानं काचेच्या कापडावर चालवली. आता त्या कात्रीनं पिकलेलं केळंही धड कापलं नसतं. कापडावर खुणा करायचे तिचे खडू तर डब्यातून कुठे उडून जात होते, देव जाणे.

हे सगळं तिनं सोसलं असतं. सोसतही होती. कारण नवरा इतकी वर्षं दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून राबला होता आणि दुसऱ्याच्या शिव्या खात आला होता. ही जुनी का होईना, त्याची स्वतःची होडी होती. मासेमारी सुरू व्हायच्या आत ती पाण्यात उतरली नाही, तर जुन्या मालकाच्या दारात पुन्हा जाऊन उभं राहायचं होतं, आणि तो मालक ओठांच्या कोपऱ्यातून कसा हसेल हे नवरा रोज जेवताना करून दाखवायचा.

आणि दुसरं कारण म्हणजे बाबा.

बाबा म्हणजे तिचे वडील. आयुष्यभर कारखान्यांचे बॉयलर तपासत फिरले, म्हणून गल्लीत त्यांचं नावच पडलं होतं बॉयलरवाले. मागच्या वर्षी आई गेली आणि ते लेकीकडे राहायला आले. आले ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, आणि बसूनच राहिले. खिडकीकडे पाठ, भिंतीकडे तोंड. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी फक्त झोप वाढली. शेजारणी म्हणायच्या, देवमाणूस आहे, कसला त्रास नाही. तिला वाटायचं, अगं बायांनो, त्रास देत नाही हाच तर त्रास आहे.

मग ही होडी आली. विकणाऱ्यानं तळाला ताजा निळाशार रंग मारून दिला होता आणि नवरा त्या रंगावर असा भाळला होता की मुलगी बघायला गेलेल्या पोरानंही इतकं लाजू नये. बाबांना तिनं ओढूनच नेलं होतं बघायला. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, हात मागे बांधून, आणि म्हणाले, "विकायच्या वस्तूला इतका ताजा रंग कोण मारतो? आणि कशाला मारतो?"

कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून अख्खी दोन वाक्यं निघाली होती. तिला रडूच आलं. नवऱ्यालाही आलं असावं, पण ते वेगळ्या कारणानं.

बाबांनी रंग खरवडायला लावला. मग रॉकेलचा बोळा तळावर फिरवला, कोरड्या फडक्यानं टिपून घेतलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. बॉयलरच्या पत्र्यातली भेग ते अशीच शोधत आले होते. भेगेत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. उमटली. एक तळाच्या मधल्या कण्याला लागून, एक जरा वर, आणि त्या दोघींना जोडायला निघालेली एक बारकी. वर लांबीचा लगदा भरून बेमालूम झाकलेल्या. नवरा तिथेच पिंपावर बसला. बाबांचे डोळे मात्र लकाकत होते. "सापडली की निम्मं काम झालं," ते म्हणाले.

उरलेलं निम्मं काम गेले कित्येक दिवस चाललं होतं. नवरा भेग घासून रुंद करायचा, काचेच्या कापडाच्या पट्ट्या रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवायचा, रात्रभर सुकू द्यायचा. आणि दोन-चार दिवसांत पट्टीची कड उचलली जायची. आधी तो रेझिनवाल्या दुकानदाराशी भांडला. मग हवेतल्या दमटपणाशी. मग धक्क्यावरच्या प्रत्येक माणसाचा सल्ला घेऊन प्रत्येकाशी. कापड नीट कापलं गेलं नाही म्हणून एकदा तिच्या कात्रीलाही बोलला, तेव्हा तिनं त्याला जेवायला वाढलं आणि स्वतः शेजारणीकडे जाऊन बसली.

आता कोटावरची पट्टी उचलून बाहेर फेकावी म्हणून तिनं हातात घेतली. सवयीनं उलटी करून बघितली. शिवणारी बाई वस्तूची उलटी बाजू आधी बघते. उलटी बाजू खरबरीत असायला हवी होती, फाडून काढल्यासारखी. ती होती गुळगुळीत, जराशी बुळबुळीत. मशीनचं तेल लागलेल्या कापडावर इस्त्रीनं बकरम चिकटवलं तर ते आत असंच होतं. वरून धरल्यासारखं दिसतं आणि पहिल्या धुण्यात फुगून येतं. तिनं पट्टी नाकाशी नेली.

"अहो, तिथे रॉकेल कोण लावतं?"

"कुणी नाही. बाबांनी लावलं होतं ते पहिल्या दिवशी. मी घासून काढलं ना ते सगळं."

तिला एकेक आठवू लागलं. बाबा रोज सकाळी उठून फिरायला जात होते, दोन महिन्यांपूर्वी चपला कुठे ठेवल्या हे ज्यांना आठवत नसे ते बाबा. आणि त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांना कसलासा वास येत होता. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला येतो तसा असेल. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या सकाळी ती थर्मासमध्ये चहा घेऊन बाबांच्या मागोमाग गेली. कारखान्याच्या आवारात अजून कुणी नव्हतं. होडीखाली पोतं अंथरून बाबा पाठीवर पडले होते. जुना खाकी सदरा, बाह्या दुमडलेल्या, शेजारी रॉकेलची बाटली आणि तिच्या हरवलेल्या खडूंचा बारीक केलेला ढीग. तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. आई गेल्यापासून त्यांचं गुणगुणणं तिनं ऐकलं नव्हतं.

"आलीस? बरं झालं. हा टॉर्च धर," बाबा म्हणाले. ती इथे कशी, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "रोज तपासतो मी. जावईबापू पट्टी लावायला घेतात त्याच्या आधी एकदा, आणि लावली की कडेकडेनं पुन्हा. भेग पुढे सरकली का, नवी आली का, कळायला नको? आणि हे बघ, हे अजून त्यांनाही माहीत नाही. आत चल."

ते शिडीवरून होडीत चढले. चढले कसले, जवळजवळ धावले. इंजिनाच्या बैठकीशेजारची फळी उचलून त्यांनी आत उजेड पाडायला सांगितलं. तळाला आडव्या बसवलेल्या फासळ्यांपैकी जी बैठकीचा भार घेते, तिच्यावर पांढऱ्या पुडीत केसाएवढी रेघ होती, वरपासून खालपर्यंत.

"बाहेरच्या भेगा हिच्यामुळे आहेत," बाबा म्हणाले. "इंजिन हादरतं, ही वाकते, आणि तळाला ओढते. बाहेरून कितीही पट्ट्या लावा. हिला आधी धरली पाहिजे. आज सांगणार आहे मी त्यांना."

इतका आनंदी चेहरा. तिला एकदम राग आला. बाबांचा नाही, नवऱ्याचाही नाही. राग आला तो हे सगळं फिरून फिरून आपल्याच पदरात पडतं याचा. एकाला सांगावं तर तो पुन्हा खुर्चीत जाऊन बसणार, न सांगावं तर दुसरा समुद्राच्या तळाशी जाऊन बसणार. मधे ही उभी, हातात टॉर्च धरून.

"बाबा," ती म्हणाली, "पट्ट्या तुमच्या रॉकेलमुळे सुटतायत."

"अं?"

"रॉकेल त्या काचेच्या धाग्यांत मुरतं. वरवर घासून जात नाही. तेलकटावर रेझिन धरत नाही. बॉयलरची भेग पुढे वेल्डिंगनं भरायचे, तिथे जळून जात असेल ते. इथे नाही जळत."

बाबांनी बाटलीकडे बघितलं, मग हातातल्या बोळ्याकडे. "म्हणजे रोज सकाळी येऊन मीच..."

"हो."

"आणि ते बिचारे दुकानदाराशी भांडले."

"भांडू दे. तो दुकानदार भांडण्याच्याच लायकीचा आहे. पण बाबा, ही आतली भेग तुम्ही शोधलीत. दुसऱ्या कुणाला सापडली नसती."

हे वाक्य तिनं आधी म्हणायला हवं होतं. ते आता त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्यांनी बोळा घडी घालून खिशात ठेवला, बाटलीचं झाकण लावलं, शिडीवरून एकेक पायरी चाचपत खाली उतरले आणि चहा न पिता घरी गेले. ती मागोमाग पोचली तेव्हा ते खुर्चीत होते. तोंड भिंतीकडे.

नवऱ्याला तिनं सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग त्याला कळलं, आणि मग त्याचा आवाज असा चढला की समोरच्या घरातून रेडिओ बंद केल्याचं ऐकू आलं. "महिना गेला माझा! महिना! मी वेड्यासारखा घासतोय आणि यांची रोजची पूजा चाललीय! त्यांना सांग, होडीच्या आसपास फिरकायचं नाही!"

"त्यांना ऐकू येतंय. खुर्ची त्या भिंतीपलीकडे आहे."

"मग बरंच झालं!"

"काय बरं झालं?" आता तिचाही आवाज चढला. "पहिल्या दिवशी रॉकेल लावलं तेव्हा जादूगार आहात म्हणून पाठ थोपटलीत ना त्यांची? तेव्हा तुम्हाला माहीत होतं, फायबरला रॉकेल चालत नाही म्हणून? इतकी वर्षं होड्यांवर काढलीत ना तुम्ही? आणि इंजिनाखालची फासळी तडकलीय ते दिसलं तुम्हाला? फळी उचलून बघितलीत एकदा तरी?"

"फासळी? कुठली फासळी?"

"जा आणि बघा. मला कोट द्यायचाय आज."

तो गेला. संध्याकाळी परतला. फासळी बघून आला होता. भर समुद्रात इंजिन जोरात असताना ती गेली असती, तर बैठक सुटून तळ फाटायला वेळ लागला नसता, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो बाबांच्या खुर्चीपर्यंत गेला, तिथे दोन वेळा घसा खाकरला, आणि परत फिरला. तिला वाटलं, या दोघांचीही डोकी धरून एकमेकांवर आपटावीत.

पुढचे दिवस त्यानं एकट्यानं काम केलं. जिथवर रॉकेलचा वास येत होता तिथवरचा सगळा थर खोदून काढला, थिनरनं पुन्हा पुन्हा पुसला, दिवसभर उन्हात तापू दिला. फासळीच्या दोन्ही अंगांना नवं कापड चढवलं, मग बाहेरच्या भेगा भरल्या. या वेळी कड उचलली नाही. पक्कड लावून ओढून बघितली, तरी नाही.

आता सुटला प्रश्न, असं कुणालाही वाटेल. पण तीनदा तोंडघशी पडलेल्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वासच उडतो. तो रोज जाऊन आणखी एक थर चढवू लागला. धक्क्यावरच्या बाकीच्या होड्या रंगून, जाळी भरून तयार झाल्या. जुन्या मालकाचा निरोप येऊन गेला, येतोस की दुसरा बघू. आणि हा आपला होडीखाली उकिडवा बसून पट्टीवर नखानं टकटक करतोय.

"उतरवा ना ती पाण्यात," ती म्हणाली.

"आतून धरलंय की वरवर, मला कळत नाही."

"मग ज्याला कळतं त्याला विचारा."

"त्यांना मी नको नको ते बोललो."

"बोललात. आता जाऊन हवं ते बोला. मी दोघांच्या मधे निरोप्या नाही."

तो तसाच गेला, सदरा रेझिननं ताठ झालेला, हाताची बोटं चिकट. खुर्ची आणि भिंत यांच्या मधल्या जेमतेम जागेत तो अंग चोरून उभा राहिला, म्हणजे बाबांना बघायला दुसरं काही उरलं नाही.

"बाबा, तुम्ही पास केल्याशिवाय होडी पाण्यात जाणार नाही."

"मला फायबरमधलं काय कळतं?"

"मलाही कळत नाही. पण मला कळतं असं मी सगळ्यांना सांगत सुटलो."

बाबांनी त्याच्या सदऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "लाकडी हातोडी आहे का?"

बाबांनी अख्खी होडी ठोकून ऐकली. कान लावून, डोळे मिटून, हातभर सरकत. एका जागी आवाज पोकळ आला, तिथे थांबले, पुन्हा ठोकलं, आणि जावयाला तिथला थर काढून पुन्हा चढवायला लावला. त्यानं चढवला. मग बाबा म्हणाले, "आता पाणी भरा."

"कुठे?"

"आत. बॉयलर आम्ही आधी पाण्यानं भरून बघायचो. गळला तर पाणी गळतं, माणूस भाजत नाही. बर्फाच्या कारखान्यातून नळी घ्या."

नवरा किंचाळला, की होडी पिंपांवर आहे, भार पेलणार नाही. बाबा म्हणाले, मग आणखी टेकू लावा, तुम्हाला लावायचा कंटाळा आहे का? दोघं इतक्या मोठ्यानं भांडले की कारखान्यातली माणसं काम टाकून बाहेर आली. तिनं पदर खोचला आणि स्वतः ओंडके ओढायला घेतले, तेव्हा कुठे दोघं गप्प झाले. गुडघाभर पाणी भरलं. सगळे खाली उकिडवे बसून तळाकडे बघत राहिले, एखाद्या कोंबडीच्या अंड्याकडे बघावं तसे. ऊन कलेपर्यंत बाबा तळावरून हात फिरवत होते. एक थेंब आला नाही.

"पास," बाबा म्हणाले.

दुसऱ्या सकाळी होडी पाण्यात उतरवली. नवऱ्यानं इंजिनाला हात घातला, एक फेरी मारून बघू म्हणाला, आणि तेवढ्यात बाबा धोतर सावरत होडीत चढले. सरळ जाऊन इंजिनाच्या बैठकीशेजारी, त्या फासळीच्या वरच बसले.

"बाबा, उतरा खाली!" ती धक्क्यावरून ओरडली. "तुम्ही कुठे निघालात?"

"पहिल्यांदा आग पेटवायची तेव्हा ज्यानं बॉयलर पास केला तो शेजारी उभा राहायचा. आमचा नियम होता."

"तुम्हाला पोहता येत नाही!"

"बॉयलर फुटला असता तर मला उडता येत होतं का?"

नवरा हसायला लागला. तिला हसू आलं नाही. जगात जी दोन माणसं तिची होती ती दोन्ही एका जुन्या, ठिगळ लावलेल्या होडीत बसली होती, आणि ही बाहेर. संतापानं तिचे कान तापले. तिनं चपला काढून धक्क्यावर फेकल्या आणि होडीत उडी मारली. नवरा म्हणाला, अगं, तुझं गिऱ्हाईक येणार आहे ना? ती म्हणाली, मरू दे गिऱ्हाईक, चालू करा.

इंजिन सुरू झालं. सगळी होडी थरथरली. धक्का मागे पडला, पाणी गडद होत गेलं, नवऱ्यानं वेग वाढवला. बाबांनी फळी उचलून ठेवली होती आणि तळहात फासळीवर टेकवला होता. ती त्यांच्याजवळ सरकली.

"येतंय का पाणी?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आईच्या वेळी दवाखान्यात मला बाहेर बाकावर बसवलं होतं. आत नको म्हणाले, तुमचं काही काम नाही. मी बसलो. मग सगळं झाल्यावर आत बोलावलं."

वर्षभर ती या माणसाला बसा, आराम करा, तुम्ही काही करू नका असं सांगत होती. रोज सांगत होती, मायेनं सांगत होती.

तिनं हात पुढे केला आणि त्यांच्या हाताशेजारी, फासळीवर टेकवला. कोरडी होती. खालून समुद्राचा धक्का लागत होता, आणि फासळी तो झेलत होती.

"दाबून धर," बाबा म्हणाले. "नुसता ठेवू नकोस. कळलं पाहिजे."